साडेपाच तासांचा घोळ

सॉफ्टवेअरच्या धंद्यात दहा-बारा वर्षं काढली की काही आकडे नुसते दिसले तरी ओळखू येतात. कुठे ६५,५३५ दिसलं की समजायचं, इथे कोणाची तरी मर्यादा संपलीय. एखाद्या ग्राहकाची जन्मतारीख १ जानेवारी १९७० दिसली की समजायचं, तो माणूस तेव्हा जन्मलेला नाही, त्या रकान्यात शून्य बसलंय. युनिक्सचं घड्याळ तिथून सेकंद मोजायला लागतं ना, म्हणून. (ग्रिनिचला तेव्हा मध्यरात्र, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. म्हणजे आपल्यासाठी युनिक्सचा जन्म काकड आरतीच्या सुमाराचा.) आणि भारतात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा तिसरा आकडा म्हणजे पाच तास तीस मिनिटं. दोन वेळांमध्ये बरोबर एवढाच फरक दिसला की बाकीचं काही तपासायचं नाही. कोणीतरी यूटीसी लिहिलंय आणि कोणीतरी ते आपली वेळ समजून वाचलंय.

ऑफिसात हा घोळ आठवड्यातून एकदा तरी भेटतो, त्याचं काही वाटत नाही. पण मध्यंतरी तो बाबांच्या शुगरच्या तक्त्यात भेटला.

तर झालं असं. बाबा कऱ्हाडला असतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. नोकरीची बरीच वर्षं धरणाची पातळी, पाऊस, विसर्ग यांच्या नोंदी ठेवण्यात गेली, त्यामुळे नोंद ठेवणं हा त्यांचा छंद नाही, स्वभाव आहे. इन्सुलिन सुरू झाल्यावर त्यांनी लगेच एक्सेलमध्ये तक्ता केला. सुई टोचली, मीटरवर आकडा आला, की उठून कॉम्प्युटरपाशी. कंट्रोल आणि अर्धविरामाची कळ दाबली की तारीख येते, त्यात शिफ्ट घातली की वेळ येते, पुढे आकडा. वेळ हाताने लिहायचीच नाही, कारण हाताने लिहिली की माणूस साडेसहा सदतीसला 'साडेसहा' लिहितो. महिना संपला की कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून डॉक्टरांकडे.

या वेळी डॉक्टर प्रिंट बघून म्हणाले, "रात्री एक वाजता उठून कशाला तपासता? आणि तेव्हाच ८२ असेल तर पहाटेपर्यंत आणखी खाली जात असणार. रात्रीचं इन्सुलिन कमी करायला लागेल."

बाबा म्हणाले, मी रात्री एकला उठतच नाही. डॉक्टरांनी कागद पुढे केला. एक वाजून चार मिनिटं. एक वाजून दोन मिनिटं. बारा एकोणसाठ. सगळं बाबांनीच आणलेलं, बाबांच्याच तक्त्यातलं. डॉक्टर शहाणे, त्यांनी लगेच डोस बदलला नाही. सोमवारपर्यंत तक्ता नीट बघून आणा म्हणाले. शुक्रवारी रात्री बाबांचा फोन. आवाजात डॉक्टरांवर राग नव्हता, डोसची काळजीही फारशी नव्हती. "अरे, माझ्या रजिस्टरात चुकीची वेळ पडलीच कशी?" हे दुःख मोठं होतं.

मी म्हटलं, जेवणानंतरच्या वेळा वाचून दाखवा. दुपारची अडीचची नोंद नऊ वाजता पडलेली. रात्रीची साडेनऊची चार वाजता. पण हे रोज नाही! सहा दिवस बरोबर, मग चार दिवस चूक, मग पुन्हा बरोबर. गावातल्या कॉम्प्युटरवाल्याने मदरबोर्डवरचा सेल बदलून दिला होता, तरी तेच. सेल गेला असता तर घड्याळ कुठल्या तरी जुन्या तारखेला जाऊन बसलं असतं. ते मोजून साडेपाच तास मागे आणि मोजून साडेपाच तास पुढे जात नाही. मी विचारलं, "बाबा, त्या कॉम्प्युटरवर कोणी लिनक्स टाकलंय का?"

"टाकलंय की. दिवाळीत आदू आला होता."

आदू म्हणजे माझा भाचा, ताईचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याने आजोबांच्या मशीनची अर्धी डिस्क घेऊन शेजारी लिनक्स बसवलं आणि सुट्टी संपल्यावर गेला. शनिवारी सकाळी स्वारगेटहून एसटी पकडली.

आता हे होतं कसं ते सांगतो, कारण ज्यांच्या घरी एका मशीनवर दोन सिस्टिम आहेत त्यांना हे कधी ना कधी भेटणारच. कॉम्प्युटर बंद असताना वेळ कोण सांभाळतं? मदरबोर्डवर एक बारीकशी चिप असते, तिला नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल जोडलेला असतो, सीआर २०३२ नावाचा. एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि चिप ते मोजत बसते. पहिल्या आयबीएम पीसीला, १९८१ साली, हे नव्हतंच. दर वेळी सुरू केलं की तो तारीख आणि वेळ विचारायचा. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये सेलवर चालणारं घड्याळ आलं आणि ती कटकट संपली. या चिपमध्ये वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं, सेकंद एवढंच राहतं. ही वेळ कुठली, कऱ्हाडची का ग्रिनिचची, हे लिहायला तिथे जागाच ठेवलेली नव्हती. डॉसला त्याची गरज नव्हती. कॉम्प्युटर टेबलावर, माणूस खुर्चीत, मनगटावर दिसते तीच वेळ.

विंडोज त्या घराण्यातलं. ते चिपमधला आकडा स्थानिक वेळ म्हणून वाचतं आणि तसाच लिहितं. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २००४ मध्ये याची कारणं लिहिली होती. मुख्य कारण जुन्या सिस्टिमशी जुळवून घेणं, आणि बायोसच्या स्क्रीनवर माणसाला आपली वेळ दिसावी हे दुसरं. युनिक्सचं घराणं वेगळं. तिथे एका मशीनवर लांबलांबची माणसं काम करायची, म्हणून आत एकच वेळ ठेवायची, यूटीसी, आणि दाखवताना ज्याची त्याला. लिनक्सने तेच उचललं. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी रास्त आहे. फक्त चिप एक आहे, आणि दोघंही दुसऱ्याला न विचारता तिच्यात लिहितात.

म्हणजे सकाळचे साडेसहा. विंडोजने चिपमध्ये ६:३० लिहून ठेवलेत. लिनक्स सुरू झालं की त्याला वाटतं हे यूटीसी, म्हणजे भारतात दुपारचे बारा. इंटरनेट असलं की ते लगेच खरी वेळ विचारून घेतं, स्वतःला सुधारतं, आणि पुण्याचं काम म्हणून चिपही सुधारून १:०० करून ठेवतं. आता विंडोज सुरू करा. ते बिचारं १:०० वाचतं आणि रात्रीचा एक दाखवतं. विंडोजही इंटरनेटवरून वेळ जुळवतं, पण त्याच्या सवडीने. तेवढ्यात बाबांची सुई टोचून झालेली असते.

पण मग काही दिवसच का? हे कोडं घरी पोचल्यावर सुटलं, तेही चहामुळे. बाबांना लिनक्स नकोच असतं. सकाळी मशीन सुरू केलं की ग्रबची काळी यादी येते, दहा सेकंद थांबते, आणि काही दाबलं नाही तर पहिल्या ओळीतलं लिनक्स सुरू होतं. बाबा समोर बसले असले तर खाली बाण दाबत विंडोजवर जातात. पण ज्या दिवशी बटण दाबून चहा टाकायला आत जातात, त्या दिवशी परत येईपर्यंत लिनक्स उभं! मग ते रीस्टार्ट करून विंडोज घेतात. चहा उकळेपर्यंतच्या वेळात लिनक्सने चिप सुधारलेली असते. पुढे विंडोज आपणहून जुळवेपर्यंत, कधी दोन दिवस, कधी आठवडा, सगळ्या नोंदी साडेपाच तास मागे. आई म्हणाली, "बघा, मी केलेला चहा घेतला असतात तर." यावर कोणी काही बोललं नाही.

खात्री करायला बायोस उघडला. तिथे चिपचा कच्चा आकडा दिसतो, कुणीही अर्थ न लावलेला. मोबाइलवर सकाळचे ११:४०, बायोसमध्ये ६:१०.

मला वाटलं होतं, यूटीसी म्हणजे काय हे बाबांना समजवण्यात तासभर जाईल. मी सुरुवात केली तर त्यांनी मध्येच थांबवलं. "म्हणजे आमच्या पावसाच्या साडेआठसारखं." चोवीस तासांचा पाऊस आपल्याकडे सकाळी साडेआठला मोजतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. पाऊस कितीही कोसळत असो, नोंद साडेआठलाच. पण साडेआठच का, आठ किंवा नऊ का नाही, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. साडेआठ म्हणजे यूटीसीचे बरोबर तीन. हवामानाच्या नोंदी जगभर एकाच घड्याळावर जुळवायच्या असतात, आणि तीन वाजताची ती नोंद भारतात साडेआठला येते. बाबांनी ते आयुष्यभर पाळलं. मी प्रोग्रामर असून मला ते त्या दिवशी कळलं. असो.

उपाय दोन. एक, लिनक्सला सांगायचं की बाबा रे, चिपमध्ये स्थानिक वेळ आहे असं समज. 'टाइमडेटसीटीएल' या आज्ञेला 'सेट-लोकल-आरटीसी १' जोडलं की झालं. आज्ञा ऐकते, पण नंतर त्याच आज्ञेने स्थिती बघायला गेलात की चांगला लांबलचक इशारा देते. या पद्धतीला पूर्ण आधार देता येत नाही, टाइमझोन बदलला किंवा उन्हाळ्यात घड्याळं पुढे-मागे झाली की घोटाळे होतील, चिपमधली वेळ आपण सुधारत बसणार नाही, वगैरे. यातला उन्हाळ्याचा मुद्दा अमेरिका-युरोपात खरा आहे. तिथे घड्याळ एक तास पुढे करायच्या रात्री दोन्ही सिस्टिम आपापली एक-एक तासाची भर घालतात आणि मशीन दोन तास पुढे जातं. आपल्याकडे ही भानगड नाही.

म्हणजे अगदीच कधी नव्हती असंही नाही. लिनक्समध्ये भारताचा टाइमझोन 'एशिया/कोलकाता' या नावाने असतो. (मुंबई का नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. माझं मत, भांडायला याहून चांगले विषय आहेत.) त्या नोंदीत आपला सगळा इतिहास साठवलेला आहे. १९०६ च्या आधीची मद्रास वेळ, यूटीसीच्या ५ तास २१ मिनिटं १० सेकंद पुढे. मग साडेपाच. मग दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ च्या दरम्यान, बहुतेक काळ घड्याळ साडेसहा तास पुढे केलेलं. मुंबईची गंमत तर त्याहून मोठी. १९०६ मध्ये सगळ्या देशाला एक वेळ लागू झाली, पण मुंबईने आपला 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडला नाही. तो ३९ मिनिटं मागे. रेल्वे एका वेळेवर, शहर दुसऱ्या. जवळजवळ पन्नास वर्षं एका गावात दोन घड्याळं, आणि वेळ सांगताना कुठली ते सांगायचं. चिपला जे सांगता येत नाही ते मुंबईकर तोंडाने सांगत होते.

दुसरा उपाय, विंडोजला सांगायचं की चिपमध्ये यूटीसी आहे. रजिस्ट्रीत 'टाइमझोन इन्फर्मेशन' नावाच्या कप्प्यात 'रिअल टाइम इज युनिव्हर्सल' अशी एक नोंद (नावात जागा न सोडता) तयार करून तिची किंमत १ ठेवायची. मी हा निवडला. कारण तात्त्विक नाही, घरगुती आहे. आदू दर सहा महिन्यांनी लिनक्सचा प्रकार बदलतो, आणि नवं येणारं प्रत्येक लिनक्स बहुधा चिपमध्ये यूटीसीच असणार असं धरून चालेल. विंडोज मात्र त्या मशीनवर कायमचं आहे. जे हलणार नाही त्यात बदल केलेला बरा. त्याच हाताने विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद केलं. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आपली अवस्था डिस्कवर ठेवून डोळे मिटतं, आणि मग लिनक्सला त्या डिस्कवर नीट लिहिता येत नाही.

राहिलं ग्रब. इथे थोडं जड गेलं. सोपा मार्ग होता 'सेव्हड' हा पर्याय, म्हणजे मागच्या वेळी जे निवडलं तेच पुढच्या वेळी आपोआप. पण आदू येऊन दोन दिवस लिनक्स वापरून गेला की तिसऱ्या दिवशी बाबांच्या पुढे पुन्हा लिनक्स. म्हणून विंडोजच कायमचं पहिली निवड करायचं ठरवलं. मी, जो कॉलेजात फ्लॉपीवरून लिनक्स बूट करून मित्रांना दाखवायचो, तो आपल्या हाताने ग्रबच्या फाइलीत विंडोज लिहीत होतो. आदूला मेसेज केला तर त्याचं उत्तर आलं, "मामा, तू पण?"

यात एक बारकावा आहे. ग्रबच्या फाइलीत 'ग्रब-डिफॉल्ट' पुढे आकडा लिहिता येतो, पहिल्या ओळीला शून्य, दुसरीला एक, असं. तो लिहू नये. लिनक्सच्या अपडेटने यादीत एखादी ओळ वाढली किंवा कमी झाली की आकडा भलतीकडे बोट दाखवतो. त्यापेक्षा यादीत विंडोजच्या ओळीला जे पूर्ण नाव आहे ते जसंच्या तसं अवतरणात लिहावं. दुसरं, ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, शेजारच्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवतात. फाइलीत 'ग्रब-डिसेबल-ओएस-प्रोबर' पुढे 'फॉल्स' लिहिलं नाही तर एखाद्या अपडेटनंतर विंडोजची ओळच गायब होऊ शकते. विंडोज डिस्कवर शाबूत असतं, पण सकाळी साडेसहाला रिकामी यादी बघणाऱ्या माणसाला ते कोण सांगणार? शेवटी 'अपडेट-ग्रब' चालवायचं, नाहीतर फाइलीत लिहिलेलं फाइलीतच राहतं. थांबायची वेळ पाच सेकंद केली. आदूचे हात चपळ आहेत.

मग दोन्ही सिस्टिम आलटून पालटून तीन-तीनदा सुरू केल्या. घड्याळ हललं नाही.

पण खरं काम पुढेच होतं. सोमवारी डॉक्टरांना दाखवायचा तक्ता. त्यातल्या कुठल्या नोंदी चूक? बाबांना मुळात अंदाजाने दुरुस्ती मान्यच नव्हती. "एक वाजलेत म्हणजे साडेसहा असणार हे तू म्हणतोस. पुरावा?" पुरावा मशीनमध्येच होता. लिनक्स दर वेळी सुरू झाल्याची नोंद आपल्या जर्नलमध्ये ठेवतं, आणि 'जर्नलसीटीएल'ला 'लिस्ट-बूट्स' म्हटलं की सगळ्यांची यादी देतं. चहाचे दिवस तिथे सापडले. महिन्यात पाच. प्रत्येकात पहिल्या काही ओळी दुपारी बाराच्या आणि मग एकदम सकाळचे साडेसहा, वेळ मागे उडी मारलेली. घोळ सुरू झाला ती जागा ही. आणि तो संपला कधी, हे विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये. सिस्टिमची वेळ बदलली की तिथे जुनी वेळ आणि नवी वेळ अशी नोंद पडते, 'कर्नल-जनरल'च्या नावाने, क्रमांक १. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर महिन्याचे तुकडे पडले, कुठून कुठपर्यंत चूक ते मिनिटासकट.

एकोणचाळीस नोंदी निघाल्या. बाबांनी मूळ रकाना पुसू दिला नाही. शेजारी नवा रकाना, 'दुरुस्त वेळ', आणि त्याच्या शेजारी 'कारण'. कारणात प्रत्येक ओळीला 'यंत्रदोष, ५:३० तास' असं लिहायला लावलं. मी म्हटलं एकदा वर लिहिलं तरी चालेल. नाही चालत म्हणाले.

दुरुस्त तक्ता बघितल्यावर चित्रच वेगळं. रात्री एकची ८२ ही सकाळची उपाशीपोटीची निघाली, म्हणजे रात्रीच्या डोसचं काही बिघडलेलं नव्हतं. आणि सकाळी नऊच्या म्हणून ज्या २१० आणि २२५ दिसत होत्या, त्या सगळ्या दुपारच्या जेवणानंतरच्या. नाश्त्याचे पोहे निष्कारण बदनाम झाले होते. सोमवारी डॉक्टरांनी दोन्ही रकाने बघितले, रात्रीचा डोस होता तसाच ठेवला आणि दुपारचा भात निम्मा केला. बाबांना यंत्रदोष परवडला असता असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं, असं आई फोनवर सांगत होती.

रविवारी निघताना त्यांनी एक शंका काढली. आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ माझ्या आठवणीपासून दहा मिनिटं पुढे आहे. सकाळची एसटी चुकू नये म्हणून लावलेलं. एसटीने ऑफिसला जाणं थांबून कितीतरी वर्षं झाली, पण दहा मिनिटं तशीच आहेत आणि घरातल्या सगळ्यांना ती वजा करायची सवय आहे. बाबा कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली वेळ बघत म्हणाले, "हे सगळं नीट झालं. पण हे भिंतीवरच्याशी जुळत नाही."